तिसऱ्या भट्टीचे ठोके

लग्नानंतर तेरा महिन्यांनी पहिली मुलगी झाली, ते युद्धाचं दुसरं वर्ष. चार दिवसांची रजा संपवून भट्टीवाल्याचा जावई धक्क्यावर पोचला तेव्हा बोटीची शिडी वर घेत होते. तो धावत सुटला आणि शेवटच्या पायरीला लोंबकळून वर आला.

"मुलगी झाली, मुकादम!"

एरवी मुकादमाने निदान दोन तरी टोमणे मारले असते. आज तो म्हणाला, "बरं झालं. काम उरकलं की मला भेट."

बोट चाळीस वर्षांची होती, वाफेवर चालणाऱ्या या बंदरातल्या पहिल्या मालबोटींपैकी. धान्य, लाकूड, सिमेंट, एकदा तर घोडे, सगळं तिने निमूट वाहिलं होतं. खलाशी तिला म्हातारी म्हणत. युद्ध लागलं तसा तिला करडा रंग फासला आणि मागे एक तोफ बसवली. "म्हातारीला काठी दिली," लोक हसले.

सासरे तिच्या तिसऱ्या भट्टीवर बावीस वर्षं होते. पाण्यावरच्या माणसाला मुलगी द्यायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मुलीने ऐकलं नाही. तेव्हापासून ते जावयाशी अवाक्षर बोलले नव्हते.

काम मात्र दोघांचं एकमेकांवाचून अडायचं. जावई वर कोळशाच्या कोठीत, सासरे खाली भट्टीपुढे, मध्ये लोखंडी भिंत. जायच्या वाटाही वेगळ्या. खालून भिंतीवर फावड्याचे तीन ठोके आले की त्या भट्टीच्या पन्हळीतून कोळसा लोटायचा. एक ठोका म्हणजे पुरे. घाईचे, न थांबणारे ठोके म्हणजे बाहेर पळ. सासऱ्यांचे तीन ठोके लगेच ओळखू यायचे. दोन लागोपाठ, मग जरा थांबून तिसरा. गुडघा धरल्यापासून ते चालायचेही तसेच.

"तुमचं नातं आहे की तारघर?" बायको चिडवायची. या खेपेला मात्र तिने त्याचा हात धरून ठेवला होता. "नाव बाबांनीच ठेवायचं. तोवर मी हिला नुसती बाळ म्हणणार. काहीही करा, पण त्यांना बोलतं करा."

जावई कंदील घेऊन कोठीत उतरला. बोटीने धक्का सोडला. थोड्या वेळाने ठोके आले. दोन, आणि जरा थांबून तिसरा.

त्याने कोळसा लोटला. पुन्हा ठोके. पुन्हा लोटला. एरवी सारखी तुंबणारी पन्हळ आज गपागप गिळत होती.

दुपारी दोनच्या सुमारास हिय्या करून त्याने पन्हळीत तोंड घातलं. खालची ऊब नेहमीसारखी अंगावर आली नाही.

"मामा! मुलगी झाली! नाव तुम्ही ठेवायचंय!"

त्याने पन्हळीला कान लावला. मग एक ठोका.

"काय पुरे, मामा? माझी बडबड, का तुमचा अबोला?"

ठोके सुरू झाले. घाईचे, न थांबणारे, फावडं मोडेल इतके जोराचे. कंदील तिथेच टाकून जावई शिडी चढला. डेकवर पाय ठेवला आणि खाली सुरुंग फुटला. कोठीची पूर्ण बाजू उडाली. म्हातारी अकरा मिनिटांत बुडाली.

जीव वाचवायच्या होडीत बसल्यावरही तो बोटीला बांधलेला दोर सोडेना. "थांबा! मला मामांनीच वर पाठवलं. येतीलच ते!"

"कोणी पाठवलं?" मुकादमाने विचारलं.

"मामांनी. ठोके देऊन."

मुकादम त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने जावयाची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली.

संध्याकाळी किनाऱ्यावर कारकुनाने बुडालेल्यांची यादी वाचली. नऊ जण, सगळे भट्टीवरचे. सासऱ्यांचं नाव त्यात नव्हतं. जावई वाळूतच हसू लागला.

"वाचले! दुसऱ्या होडीत असतील. चला मुकादम, शोधू. माझ्याशी बोलले ते आज!"

यादीतले नऊ जण त्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गेले. सासरे आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला, बोट सुटायच्या आधीच, बंदरावरच्या दवाखान्यात वारले होते.