कपाळावरचं लाकूड

चमच्याच्या पाठीनं कागद घासून झाल्यावर वैजयंतीनं तो लाकडी ठशावरून हळूच उचलला. घंटागाडीचं स्टिअरिंग धरलेल्या शेवंतामावशी झकास उमटल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या शेवंतामावशींचा हात मात्र स्वतःचं चित्र बघताना कपाळाकडे गेला.

तेव्हा कुठे वैजयंतीच्या लक्षात आलं. चित्रातल्या बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं आणि मावशींचं कपाळ तर नवरा गेल्यापासून, गेली बारा वर्षं, मोकळं होतं. बाई काढायची म्हणजे कपाळी कुंकू हवंच, ही हाताची सवय! आणि म्हणे आपण बायकांबद्दलचे साचे मोडायला निघालोय. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं, मावशी," तिनं घाईघाईनं पटाशी उचलली. "कपाळावरचं एवढं लाकूड तासलं, की पुढच्या कागदांवर ते उमटणार नाही. काढू ना?"

मावशींनी ठशावर तळहातच ठेवला. "तासलेलं परत लावता येतं?"

"नाही. गेलं ते गेलं."

मावशींनी हात तसाच ठेवला. "माझं पुसलं तेव्हा घरभर बायका जमल्या होत्या गं. पण 'पुसू का?' असं एकीनंही विचारलं नाही. तू विचारलंस."

शाईनं काळा झालेला तळहात त्यांनी खुशाल पदराला पुसला.

"राहू दे ते. फक्त तेवढ्यापुरती शाई लाल लाव."