चुलीमागची भिंत

"काय गो वैनी, ठेसनावरच्या हाटेलानचे फुटके कप ना ये? आन दिसतंन कशे, देवलासारखे!"

घरमालकीण लक्ष्मी दारातूनच बोलली, परसातला दुधी उंबऱ्याच्या आत ठेवला आणि हसत निघून गेली. तिच्या मनात काही नव्हतं. भाडेकरणीचं तिला कौतुकच होतं.

प्रमोदिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. तिने पाटावर जेवायला बसलेल्या सासूकडे पाहिलं. माईंची बोटं कालवलेल्या भातात थांबली होती.

ती भिंत होतीच तशी. लक्ष्मीच्या नवऱ्याने, दौलतने, डोंबिवलीच्या आपल्या भातखाचरात भर घालून चाळ उठवली ती खाडीच्या खारट रेतीने. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस, त्याला मिठाचं भय कसलं! चुलीमागचा गिलावा फुगायचा आणि पापुद्रे आमटीत पडायचे. दौलतला सांगितलं तर तो म्हणाला, "तुमचे हौसेनं काय पायजे ते करा, माजी ना नाय." प्रमोदिनीने पत्रा ठोकून पाहिला, तो गंजला. मेणकापड लावलं, ते आचेने चुरगळलं. मग तिचा नवरा सुधीर कल्याण स्टेशनवरच्या हॉटेलामागे टाकलेले कपबश्यांचे तुकडे पिशवीतून आणू लागला. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसची राख चुन्यात कालवून तिने एकेक तुकडा बसवला. निळ्या काठाचे वर, पांढरे खाली. चाळीतल्या बायका बघायला येऊन गेल्या.

माई तेव्हा गावी होत्या. कोवळ्या वयात विधवा होऊन आलवण नेसलेल्या, जन्मभर स्वतःच्या हातचं सोवळ्यात शिजवून जेवलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एकदा चुलीच्या तापल्या वैलावरच हात टेकला आणि तळवा सोलून निघाला, तेव्हा सुधीर जाऊन त्यांना घेऊन आला. इथे आल्यावर पहिले काही दिवस त्या दुधावर राहिल्या. सून ओलेत्याने स्वयंपाक करते, कुठे शिवत नाही, हे कानांनी पारखून घेतलं आणि एके दिवशी म्हणाल्या, "तुझ्या हातचं चालेल मला." प्रमोदिनी त्या दिवशी मोरीत जाऊन रडली होती.

त्या डोळ्यांना घरातलं बाकी काही धड दिसत नव्हतं. चूल पेटली की भिंत तेवढी लखलखायची. माई म्हणायच्या, "देवाची चांदीची उपकरणी मांडल्यासारखं दिसतं गं." प्रमोदिनी नुसतं "हो" म्हणायची. तुकडे कुठले, हे त्यांनी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

आता त्यांनी विचारलं.

"हॉटेलातले?"

"फुटून टाकून दिलेले होते, माई. सोड्याच्या पाण्यात उकळले मी. उन्हात वाळवले."

"किती जणांची तोंडं लागली असतील त्यांना?"

प्रमोदिनीने पळी खाली ठेवली.

"आणि त्यांच्यापुढे तू नैवेद्य शिजवलास."

"आज उखडून टाकते सगळे. आत्ता उखडते."

"भिंतीतले उखडशील गं. पोटात गेलं ते मी कसं उखडू?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. माईंनी पान पुढे सरकवलं, बाजूच्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि हात धुवायला गेल्या. तो हात त्या बराच वेळ धूत होत्या.

संध्याकाळी सुधीर कामावरून आला. "आई, चुन्यात बसवलेत ते. चुन्याने सगळं शुद्ध होतं."

"तू हॉटेलात चहा पितोस ते मला ठाऊक आहे. वास येतो तुझ्या सदऱ्याला. मी कधी बोलले का? ते तुझं पोट. हे माझं."

"मग भिंत पाडू का?"

"छे, राहू दे. चांगली आहे. तुम्हा दोघांना पुरे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी आपलं पितळेचं पातेलं, मूठभर तांदूळ आणि जुनी शेगडी गॅलरीत नेली. शेगडी उचलू का, म्हणून प्रमोदिनी पुढे झाली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. खाडीवरचा वारा सरळ गॅलरीत घुसत होता. काडी ओढली की विझायची. पेटली तरी ती कुठे लावायची हे माईंना दिसत नव्हतं. कोळशाऐवजी कठड्याजवळ न्यायच्या, आलवणाचा पदर ज्योतीपाशी लोंबायचा. प्रमोदिनी दारात उभी होती. पाय उंबऱ्याबाहेर पडत नव्हता. शिवलं तर सोवळं मोडणार, माईंना पुन्हा गार पाण्याने अंघोळ; आणि मग दुपारपर्यंत अन्न नाही.

शेवटी माईच शेगडी दोन्ही हातांत धरून दाराशी आल्या.

"विस्तव दे."

"चुलीतला?"

"विस्तवाला विटाळ नसतो."

प्रमोदिनीने धावत जाऊन चुलीतला रसरशीत निखारा चिमट्यात उचलला. माईंनी शेगडी पुढे केली, पण भलत्याच बाजूला.

"जरा डावीकडे, माई."

शेगडी जास्तच डावीकडे गेली. निखाऱ्याखाली आता माईंची बोटं होती.

"नाही, नाही, इकडे. थोडं मागे."

मनगट धरून हात नीट करायला एक क्षण पुरला असता. माई आवाजाच्या दिशेने मान वळवून उभ्या होत्या, शेगडी पुढे धरून. प्रमोदिनी चिमटा वर धरून सांगत राहिली, इकडे, माई, थोडं इकडे. आणि चिमट्यातल्या निखाऱ्यावर हळूहळू राख धरू लागली.