भाकर जमेपर्यंत

भाकरीची कड पुन्हा फाटली. कुमुदकाकूंनी ती मुद्दाम फाडली होती.

"हात अजून कच्चाच आहे," प्रणोती म्हणाली. तिनं तो फाटका तुकडा तसाच तव्यावर शेकला आणि ठेच्यासोबत खाऊनही टाकला.

गेल्या आषाढात काकूंची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा एका संस्थेनं प्रणोतीला हिंदी मुलखातल्या अधारतालच्या त्यांच्या घरी पाठवलं. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मूळची अमरावतीची, इथं घमापुरात खोली करून एकटीच राहणारी. या हातानं पुन्हा काय करायचं आहे, असं तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. भाकर थापायची, काकू म्हणाल्या. मग बटणं झाली, दोरीच्या गाठी झाल्या, ओली माती झाली आणि शेवटी ज्वारीचं पीठ आलं.

हात खरं तर दिवाळीतच बरा झाला. दुपारी मुलगा अंबरीश आणि सून कामावर असले, की काकू एक भाकर थापत. गोल, पातळ, कड कुठं न फुटलेली. ती फाटकापाशी येणाऱ्या गायीला घालून परात धुऊन ठेवत. संध्याकाळी प्रणोतीसमोर मात्र त्या मुद्दाम कड फाडत.

याची त्यांना लाज वाटे. पण मालक गेल्यापासून घरात मराठी बोलणारं कोणी उरलंच नव्हतं. अंबरीशला सगळं समजे, तोंडून मात्र हिंदीच निघे. सून सतन्याची, तिला मराठी येत नसे. प्रणोती आली की वर्ध्याच्या माहेराचा विषय निघे, अमरावतीच्या लग्नांतल्या भानगडी निघत, आणि काकूंचं पोट बोलून भरे. दिवाळीनंतर आपली वेळ बदलली असं सांगून ती संध्याकाळी येऊ लागली होती. अंगात आता एप्रन नसे. दोन-दोन तास बसे.

फेब्रुवारीत तिनं बोलता बोलता सांगितलं, की पुण्याच्या एका मुलांच्या रुग्णालयातून नोकरीचं पत्र आलं आहे. लहान मुलांसाठी काम करायचं म्हणूनच ती या शिक्षणाकडे वळली होती. तरी ती नकार कळवणार होती.

"काहून?" काकूंनी विचारलं.

"तुमची भाकर जमल्याशिवाय कशी जाऊ?" प्रणोती परातीकडे बघत म्हणाली. "पेशंट अर्धवट सोडता येत नाही, काकू."

दोन दिवसांनी प्रणोती आली तेव्हा त्या परात घेऊन बसल्याच होत्या. तिच्यासमोर त्यांनी एकामागून एक तीन भाकरी थापल्या. एकीचीही कड फुटली नाही.

"झाला हात बरा," त्या म्हणाल्या. "जाय पोरी आता. पुण्याले कळवून टाक."

प्रणोतीनं काकूंचा पीठ लागलेला तो हात आपल्या कपाळाला लावला आणि ती बराच वेळ रडली. काकूंना वाटलं, आनंदानं रडून राहिली. पुढच्या रविवारी ती गेली.

त्यानंतर आई अगदीच गप्प झाली, हे अंबरीशच्या लक्षात आलं. त्यानं काकूंसमोरच संस्थेला फोन लावला आणि दुसरी कोणी मराठी दीदी मिळेल का, असं विचारलं. फोन स्पीकरवर होता. तिथल्या मॅडमनी फाइल पाहिली.

"प्रणोती ने तो दिवाली में ही लिख दिया था कि हाथ पूरा ठीक है," त्या म्हणाल्या. "उसके बाद हमने आपके यहाँ किसी को भेजा ही नहीं."