जुनी की नवी

खोताच्या वाडीतल्या माडीवर क्षितिजाची तासाभरापासून घालमेल चालली होती. संध्याकाळी दादरला तिच्या बँडचा पहिला कार्यक्रम होता आणि पलंगावर दोन इलेक्ट्रिक गिटार पडल्या होत्या. बाबांच्या चाळीस वर्षं जुन्या गिटारचा आवाज भरदार यायचा, पण तिची जाड मान पकडताना क्षितिजाची बोटं अवघडायची. नव्या गिटारवर बोटं सरसर धावायची, आवाज मात्र कोरडा वाटायचा. तिने पुन्हा जुनी उचलली, चार सूर छेडले, पुन्हा ठेवली. बाबा दारातून बघत होते. त्यांची ऑर्केस्ट्रातली सगळी वर्षं त्याच गिटारवर गेली होती. "नवी घेऊन गेले तर तुला वाईट वाटेल ना, बाबा?" "वाटेल," ते म्हणाले. "ही मी आणली तेव्हा नवीकोरी होती. तुझ्या आजोबांनी वाजवत असलेली बाजाची पेटी तिथेच मिटून ठेवली होती." मग त्यांनीच नवी गिटार पिशवीत घालून दिली.