कडी नसलेलं दार

मागच्या खेपेला दादा बाथरूममध्ये सुई टोचून बेशुद्ध पडला आणि त्याला दार तोडून बाहेर काढावं लागलं. मग बाबांनी नव्या दाराला कडीच बसवली नाही. आत जो जाईल त्याने गात राहायचं, म्हणजे बाहेरच्यांच्या जिवाला घोर नको, असा घरचा कायदा झाला. गाण्याशी दादाचा छत्तीसचा आकडा, पण तोही रोज भसाड्या आवाजात गायचा आणि मध्येच विचारायचा, "ऐकतेयस ना, चिमणे?"

"ऐकतेय रे. अख्खी इमारत ऐकतेय," वेणी घालता घालता चिमणी म्हणायची आणि आई गालात हसायची. लेक ताळ्यावर आला, असं ती शेजारणींना सांगूही लागली होती.

आजही चिमणीने तेच उत्तर दिलं, दप्तर पाठीला अडकवलं आणि शाळेला जायला बाहेरचं दार उघडलं. समोर दादा लटपटत जिना चढत होता, डोळे तारवटलेले, एक बाही अजून वर सरकवलेली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, द्यावं ढकलून इथूनच खाली.



आणि आत बाथरूममध्ये त्याचा मोबाइल गाता गाता थांबून विचारत होता, "ऐकतेयस ना, चिमणे?"