लाल अक्षरं

"दाब वाढल्याचा संदेश कुठे दिसतो, ते बदला," मॅनेजर म्हणाले.

नवसी तामोरेने की-बोर्डवरचे हात काढले. "बरोबर लिहिलंय सर. तुमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर."

बोईसरच्या त्या रसायनांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर कॉम्प्युटरची नजर असायची. पंप थांबला, झडप अडकली, दाब वाढला, की तो संदेश पाठवायचा. कोणता संदेश कुठे उमटतो आणि ऑपरेटरने तेव्हा काय करायचं, याचं पुस्तक नवसी लिहीत होती. दाबाचा संदेश आला की काम थांबवावं लागे, म्हणून मॅनेजरनी तो ऑपरेटरच्या पडद्यावरून काढून आपल्या केबिनमध्ये वळवला होता. फेब्रुवारीत दाब वाढला तेव्हा केबिनला कुलूप होतं. रिअ‍ॅक्टरचं झाकण उडालं आणि ऑपरेटर बन्सीचे दोन्ही डोळे गेले.

"आता तो ऑपरेटरला दिसतो. लाल अक्षरांत. कालच करून घेतलंय," मॅनेजर म्हणाले. "म्हणजे खोटं काहीच लिहायचं नाही. फक्त पानावर तारीख जानेवारीची टाका. उद्या सरकारी माणसं तपासणीला येतायत."

"आणि बन्सी?"

"कारखाना बंद पडला तर बन्सीला डोळे येणार आहेत का?"

नवसीने ओळ बदलली. तारीखही.

तपासणी पार पडली. पुढच्या आठवड्यात बन्सी बेटेगावहून आला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. मंगळीने त्याला खुर्चीत बसवलं.

"म्याडम, चौकशीत बोलले, लाल अक्षरं आली होती, तू बघितलीच नाय," तो म्हणाला. "मी तर समोरच बसलो होतो. हिला वाचता येत नाय. तुमी वाचून सांगा, पुस्तकात काय लिवलंय."

मॅनेजर दारात येऊन उभे राहिले.

नवसीने पान उघडलं. "दाब वाढल्यास ऑपरेटरच्या पडद्यावर लाल अक्षरांत संदेश येतो."

"हे कदी लिवलेलं हाय?"

तिने दाराकडे पाहिलं. मंगळी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"जानेवारीत," नवसी म्हणाली.

बन्सीने हात पुढे केला. "कुठं हाय ती ओळ?"

नवसीने त्याचं बोट धरून ओळीवर टेकवलं. गुळगुळीत कागदावरून तो ते हळूहळू शेवटापर्यंत नेत गेला.

"मंगळे," तो म्हणाला, "माजे डोळे आदीच गेले असतील."