फिरती खोली

खोली थांबली तेव्हा वैमानिकाचं तोंड पुन्हा पिशवीत होतं. समोरच्या खुर्चीतली चित्रकलेची बाई निवांत पेन्सिलीला टोक काढत होती.

सकाळपासून ती दोघं या गोल खोलीत भोवऱ्यासारखी फिरत होती. अंतराळात माणसाचा तोल कसा ढळतो, याची ही चाचणी. वैमानिकाची उड्डाणासाठी निवड झाली होती, पण पोटाने असाच दगा दिला तर नाव कटणार होतं. बाईला शाळेतून फक्त तुलनेसाठी बोलावलेलं. तिने फिरता फिरता त्याचं चित्रही काढलं होतं. एक रेघ हललेली नव्हती.

"डॉक्टर, हिला कसली गोळी देता?" त्याने बाहेर येऊन विचारलं.

"कसलीच नाही. आणि खोट तुमच्या पोटात नाही. तोल सांभाळायचं काम कानाच्या आत चालतं. कान म्हणतो फिरतोय, डोळे म्हणतात बसलोय. त्या भांडणात पोटाचे हाल."

ऐकून त्याची उत्सुकता आणखीच चाळवली. पण बाई आखडू. मागून कितीही हाका मारा, मान वळवायची नाही. समोर बोलायला जावं तर अशी टक लावून तोंडाकडे बघायची, की त्याला वाटे मिशीला काही लागलंय.

शेवटी चूळ भरून तो तिच्यासमोर जाऊन बसला.

"बाई, खरं सांगा, तुम्हाला चक्कर कशी येत नाही?"

"बोटीत नाही, पाळण्यात नाही, कुठेच नाही," ती एकसुरी आवाजात म्हणाली. "अंधारात मात्र धडपडते."

"मी उजेडातच धडपडतोय. पोरगा आकाशात जाणार म्हणून आई गावभर सांगत सुटलीय. आता कुठल्या तोंडाने घरी जाऊ?"

बाईचा चेहरा मवाळ झाला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

तो कळवळून म्हणाला, "तुमच्यासारखे कान मिळाले असते ना, तर मागाल ते दिलं असतं मी!"

बाई इतकी हसली, की डोळे पुसावे लागले.

"नका हो असलं काही मागू," ती म्हणाली. "लहानपणी तापात गेले माझे. तेव्हापासून आईची हाकसुद्धा ऐकलेली नाही."